घाटातला शेवटचा माणूस

(नागपूर येथे मंडळीच्या मेळाव्यात केलेले भाषण)



नागपूर ते धारणी या सायकल सहलीहून आम्ही चौदा जण परतलो, तेव्हापासून भेटेल तो एकच विचारतो, "चिखलदऱ्याचा घाट कसा काय चढलात?" तुमच्यापैकी पुष्कळांनी आमच्या प्रत्येक किलोमीटरमागे मेळघाटातील कामासाठी काही रक्कम देऊ केली होती. तेव्हा तुम्हाला हिशेब द्यायलाच हवा. आज मी त्या एका घाटाच्या दिवसाचाच हिशेब देणार आहे.

आपल्या विदर्भाला अशा यात्रा नवीन नाहीत. बाबा आमटे यांनी डिसेंबर 1985 मध्ये कन्याकुमारीहून 'भारत जोडो' यात्रा काढली. शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलवर होते आणि मणक्याच्या दुखण्यामुळे बसताही न येणारे, सत्तरी ओलांडलेले बाबा सोबतच्या गाडीत आडवे पडून प्रवास करत होते. पुढे 1988 मध्ये इटानगर ते ओखा अशी दुसरी यात्रा निघाली. त्यांच्यापुढे आमची चार दिवसांची सहल म्हणजे अंगणातली फेरीच. पण सायकलवर बसले की आपल्या आणि रस्त्यालगतच्या माणसाच्या मध्ये काच राहत नाही, एवढा लाभ आम्हालाही झाला.

पहिले दोन दिवस सुखाचे गेले. पहिला मुक्काम तळेगावला होता. दुसऱ्या दिवशी मोझरीचे गुरुकुंज आणि अमरावती मागे टाकून संध्याकाळी आम्ही परतवाड्याला पोहोचलो. सपाट रस्त्यावर गटाचा मोठा फायदा असतो. पुढचा स्वार वारा अंगावर घेतो, मागच्याला त्याचा आडोसा मिळतो. पाळीपाळीने पुढे गेले की दमलेला माणूसही गटाबरोबर टिकून राहतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला निघालो. धामणगाव गढी सोडल्यावर रस्ता डोंगराला लागला. पायथ्यापासून चिखलदऱ्यापर्यंत चढ भरतो सुमारे सातशे मीटर. स्वार आणि सायकल मिळून 85 किलो वजन धरले, तर ते एवढ्या उंचीवर नेणे म्हणजे दहा मीटर खोल विहिरीतून पंधरा लिटरची बादली चारशे वेळा ओढून काढणे. शिवाय चढावर वेग ताशी सहा-सात किलोमीटरवर येतो. तेवढ्या वेगाला वारा अडवत नाही, म्हणून पुढच्याचा आडोसाही कामाचा राहत नाही. ज्याचे वजन त्यानेच उचलायचे.

मग घाटात गट असतो कशासाठी? हा प्रश्न त्या दिवशी खरोखरच उभा राहिला. आमच्यात पन्नाशी ओलांडलेल्या एक परिचारिका होत्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. दुसऱ्या-तिसऱ्या वळणालाच त्या मागे पडल्या. पोटरीत गोळे येऊ लागले. थोडे चालवायच्या, थोडे सायकल हातात धरून चालायच्या. ऊन चढत होते. पुढच्या दोघा तरुणांनी फोन करून सांगितले, "सिस्टरची सायकल टेम्पोत टाका, नाहीतर सगळ्यांनाच उशीर होईल." त्यांचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. पण आमचे म्होरके म्हणाले, "त्या स्वतः पुरे म्हणेपर्यंत त्यांना कोणी थांबवायचे नाही. ज्यांना घाई आहे त्यांनी वर जाऊन चहा घ्यावा." सर्वांत शेवटी राहण्याचे काम माझ्याकडे होते. म्हणून पुढचा प्रसंग मला पाहता आला.

घाट निम्म्याहून अधिक झाला होता. वरून उतरणारी एक काळीपिवळी वळणावर थांबली. त्यातून एक कोरकू बाई तान्ह्या मुलाला घेऊन खाली उतरली. मूल ओकत होते. बरोबरचा म्हातारा म्हणाला, "रातपासून उलट्या-जुलाब चालू हायेत. परतवाड्याले नेतो." सिस्टरनी सायकल कठड्याला टेकवली. मुलाच्या पोटाची कातडी चिमटीत धरून पाहिली, डोळे पाहिले. आम्ही स्वतःसाठी बरोबर घेतलेले जलसंजीवनीचे एक पाकीट त्यांनी लिटरभर स्वच्छ पाण्यात विरघळवले आणि आईला हाताने दाखवले : एकेक चमचा, सावकाश. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबायचे आणि पुन्हा सुरू करायचे. बाटली त्यांनी तिच्याच हातात दिली. "वाटेत कुठे थांबू नका, सरळ दवाखान्यात जा," असे ड्रायव्हरला बजावले. गाडी खाली गेली. त्या मुलाचे पुढे काय झाले, हे आम्हाला कळले नाही. दवाखान्यात पोहोचेपर्यंत त्याच्या अंगातले पाणी टिकावे, एवढेच त्या वळणावर आमच्या हातात होते.

बंधुभगिनींनो, पुढे गेलेल्या अकरा जणांना ही गाडी दिसली ती फक्त भरधाव जाताना. थांबलेली ती आम्हालाच दिसली, कारण आम्ही मागे होतो.

त्यानंतर मला तो घाट वेगळा दिसू लागला. आमच्यासाठी तो एका सकाळचा पराक्रम होता. मेळघाटासाठी तो दवाखान्यापर्यंतचे अंतर आहे. धारणी आणि चिखलदरा या दोन तालुक्यांत तीनशेहून अधिक गावे डोंगरदऱ्यांत विखुरलेली आहेत. धारणीपासून अमरावतीचे डफरीन रुग्णालय दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे, आणि मध्ये घाटच घाट. धारणी-अचलपूरला सरकारी रुग्णालये आहेत, 108 ची रुग्णवाहिकाही आहे. पण वळणावळणाच्या रस्त्यावर तिलाही वेग घेता येत नाही, आणि पावसाळ्यात नाल्याला पूर आला की गाव तुटते. प्रसूतीच्या कळा काही पाणी ओसरण्याची वाट पाहत नाहीत. 1990 च्या दशकात मेळघाटातील बालमृत्यूंच्या बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचल्या. त्यांत कुपोषण होते, गरिबी होती आणि हे अंतरही होते.

हे अंतर कमी करण्याचा एक मार्ग आपल्याच नागपुरातून गेलेल्या माणसाने दाखवला. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. रवींद्र कोल्हे 1980 च्या दशकात बैरागडला जाऊन राहिले. तेव्हा तिथे पोहोचायला मैलोन् मैल पायी चालावे लागे. डॉ. स्मिताताई नागपुरातील आपला दवाखाना सोडून त्यांच्या सोबतीला गेल्या. 2019 मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली. ते नुसते घाट चढून परत आले नाहीत, घाटापलीकडेच राहिले. प्रत्येकाला तसे जमणार नाही. पण गावातली आशाताई, तिच्या पिशवीतली औषधे, वेळेवर मिळणारी जीप, हे सारे टिकवण्यात आपला हात लागू शकतो.

म्हणून एक विनंती करतो. चढावर मोठा गिअर टाकून जोर लावणारा माणूस अर्ध्या घाटात थांबतो. लहान गिअरवर हलकेच पेडल मारत राहणारा वर पोहोचतो. आपल्या देणगीचेही तसेच आहे. नाताळला एकदम मोठी रक्कम आली तर आनंदच आहे. पण जीपचे डिझेल दर महिन्याला लागते, औषधे जुलै-ऑगस्टच्या पावसातच संपतात. दरमहा शंभर रुपये बारा महिने न चुकता आले, तर त्यावर पुढच्या पावसाळ्याची तयारी आधीच करता येते. सहलीसाठी ज्यांनी किलोमीटरमागे रक्कम दिली, त्यांनी ती आता महिन्यामागे देण्याचा विचार करावा.

सिस्टर दुपारी दीड वाजता वर पोहोचल्या. पहिला स्वार साडेदहालाच पोहोचला होता. मोथ्याचा खवा आणून ठेवला होता, पण चौदावी सायकल येईपर्यंत त्याला कोणी हात लावला नव्हता. टेम्पोचा आग्रह धरणाऱ्या त्या दोघा तरुणांपैकी एकाने पुढे होऊन सिस्टरची सायकल धरली. दुसऱ्या दिवशी सेमाडोहच्या रस्त्याला लागताना तोच मला म्हणाला, "आज मागे मी राहतो."