पश्चिम समुद्राची लक्ष्मी

बंगळूरच्या यशवंतपूर स्थानकावर रात्री हुबळीच्या गाडीत बसताना, आपण एका बेटाचा ठाव घ्यायला निघालो आहोत, असे मी सहप्रवाशांना सांगितले असते तर त्यांनी मला वेड्यातच काढले असते. त्या वाटेवर समुद्राचा मागमूसही नाही. परंतु श्रोतेहो, मुंबईच्या अपोलो बंदरापासून दहाएक किलोमीटरांवरील घारापुरीच्या पाडावाची हकीकत, म्हणजे ती घारापुरीचीच असेल तर, ऐहोळ्याच्या टेकडीवर, मेगुती नावाच्या जैन मंदिराच्या भिंतीवर कोरलेली आहे.

तो लेख शके 556चा, म्हणजे इ. स. 634चा. कवी रविकीर्ती, स्तुतिविषय चालुक्य सम्राट दुसरा पुलकेशी. त्यात कालिदास आणि भारवी यांची नावे येत असल्यामुळे त्यांच्या कालनिर्णयासाठी पंडितांनी तो पुन्हापुन्हा चाळला. आम्हां कोकणच्या माणसांचे लक्ष मात्र दुसरीकडेच जाते. पुलकेशीच्या सैन्याने कोकणातील मौर्यांना धुऊन काढले, आणि पश्चिम समुद्राची लक्ष्मी अशी जी पुरी नगरी, तिच्यावर शेकडो नौका चालून गेल्या. त्या नौका कवीला मदोन्मत्त हत्तींसारख्या दिसल्या! या मौर्यांचे मगधाच्या मौर्यांशी नाते काय, हे सिद्ध झालेले नाही. आपल्याकडील मोरे हे आडनाव त्यांच्यावरून आले, असे मानणारे आहेत, मानोत बापडे.

ही पुरी कोणती? कोणी जंजिऱ्याजवळची राजापुरी म्हणतात, कोणी घारापुरी. पुढे शिलाहारांनीही आपल्या राजधानीला पुरीच म्हटल्यामुळे गुंता वाढला. राजापुरीची खाडी आरमाराला सोयीची आहे, हे मलाही मान्य आहे. तरीही माझा कल घारापुरीकडे आहे. तेथील तीन वस्त्यांपैकी एकीचे नाव आजही राजबंदर आहे. मोराबंदराच्या बाजूला विटांचा स्तूप आहे. त्याच परिसरात रोमन मद्यकुंभांची खापरे मिळाली. कलचुरी राजा कृष्णराज याची नाणीही बेटावर सापडली. आपण लेण्यातल्या त्रिमूर्तीपुढे हात जोडतो आणि परतीची लाँच गाठतो. पण ते लेणे ओसाड खडकावर एकटेच उभे राहिलेले नव्हते. त्याच्याभोवती माल उतरत होता, नाणे चालत होते.

मग या बेटाने स्वतःविषयी काही लिहून ठेवले नाही काय? ठेवले होते, असे दिसते. पोर्तुगीज बेटावर आले, तेव्हा तेथे एक प्रचंड दगडी हत्ती होता. त्यावरूनच त्यांनी बेटाला ‘एलिफंटा’ हे नाव दिले. त्यांचा इतिहासकार दियोगो दु कुतो याने नमूद केले आहे, की लेण्यातील एक कोरीव शिलालेख काढून पोर्तुगालच्या राजाकडे पाठविण्यात आला. तो कोणालाही वाचता आला नाही, आणि पुढे त्याचा पत्ताच लागला नाही. तो हाती असता तर लेणे कोणी खोदविले याचा वाद कदाचित एका ओळीत मिटला असता.

हत्तीचीही तीच गत व्हायची. 1864 साली तो इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला. उचलताना कोसळून त्याचे तुकडे झाले. पुढे ते सांधून तो उभा करण्यात आला. आज तो भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. रविकीर्तीच्या हत्तींसारख्या नौका आणि हा हत्ती यांची सांगड घालण्याचा मोह होतो. पण तो निव्वळ योगायोग आहे, पुरावा नव्हे.

ऐहोळ्याची टेकडी चढून गेलो तेव्हा ऊन तापले होते. जुन्या कानडी लिपीतील ती संस्कृत अक्षरे अजून ठसठशीत आहेत. फ्लीट आणि कीलहॉर्न यांनी ती वाचून प्रसिद्ध केली नसती, तर पुरीचे हे युद्ध कोणाला ठाऊक झाले असते? शेवटी रविकीर्ती आपली कीर्ती कालिदासाच्या आणि भारवीच्या तोडीची आहे, असे निःसंकोचपणे सांगतो. पुरीच्या राजाचे नाव मात्र त्याने कोठेच लिहिलेले नाही.