नाव, नोंद आणि माणूस



तालिकेचा खण ओढून लेखकाचे नाव शोधणे ही जुन्या ग्रंथालयातील वाचकाची पहिली पायरी असे. नाव सापडले की ग्रंथ सापडला, असा सर्वांचा समज. परंतु नाव आणि माणूस यांचे नाते वाटते तितके सरळ नाही.

राम गणेश गडकरी यांनी नाटके स्वतःच्या नावाने लिहिली, कविता ‘गोविंदाग्रज’ या नावाने आणि विनोदी लेख ‘बाळकराम’ या नावाने. कार्डे तीन, माणूस एक. वि. स. खांडेकर जन्माने गणेश आत्माराम. दत्तक गेल्यावर ते विष्णु सखाराम झाले. नाव बदलले, माणूस तोच राहिला. याच्या उलट प्रकार राजवाडे बंधूंचा. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ आणि त्यांचे वडील बंधू, निरुक्ताचे व्यासंगी अभ्यासक वैजनाथ काशिनाथ. मराठीत ‘वि.’ आणि ‘वै.’ एवढा तरी भेद उरतो. रोमन आद्याक्षरांत मात्र दोघेही ‘व्ही. के. राजवाडे’ होतात. एखाद्या उतावळ्या हाताने यांतले एक कार्ड दुबार समजून फाडले, तर एका भावाचा जन्मभराचा व्यासंग दुसऱ्याच्या खात्यावर जमा होईल.

हाच पेच आज संगणकाच्या दप्तरात नव्याने उभा राहिला आहे. अशा नामनिर्देशिकांसाठी १९८८ मध्ये ‘एक्स. ५००’ हे आंतरराष्ट्रीय मानक तयार झाले. आज विद्यापीठे, बँका, कचेऱ्या आपल्या माणसांची निर्देशिका संगणकावर ठेवतात. कोण कोणत्या विभागात, कोणाचा ई-मेल पत्ता कोणता, कोणाला कोणती कागदपत्रे पाहण्याची मुभा, हे सारे तीत असते. पुष्कळदा ही निर्देशिका दोन ठिकाणी असते : मूळ वही संस्थेत आणि तिची प्रत दूरच्या संगणकांवर. मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीत, वेगळी सूचना नसल्यास, दर तीस मिनिटांनी मूळ वहीशी प्रतीचा मेळ घातला जातो.

मेळ बिघडतो तो शिळ्या नोंदींमुळे. समजा, एक प्राध्यापिका नोकरी सोडून गेल्या आणि त्यांची नोंद वहीत तशीच राहिली. काही वर्षांनी त्या परतल्या; लेखनिकाने नवी नोंद केली आणि जुनाच पत्ता दिला. आता एका पत्त्यावर दोन नोंदींचा हक्क. खरी नोंद कोणती, हे यंत्र ठरवत नाही. ते पहिल्या नोंदीकडे पत्ता राहू देते आणि दुसरीतला वादग्रस्त तपशील बाजूला काढून उरलेली नोंद स्वीकारते. परिणामी, कामावर हजर असलेल्या बाईंची पत्रे कोणी न उघडणाऱ्या पेटीत पडत राहतात.

अशा वेळी सफाई कशी करावी? प्रथम पाहावे ते हे की, दोन नोंदींमागे माणूस एक आहे की दोन. केवळ नावसाम्यावर निवाडा करू नये. दुसरे, चूक मूळ वहीत दुरुस्त करावी; केवळ प्रतीत खाडाखोड केली तर पुढच्या मेळाबरोबर तीच चूक परत येते. तिसरे, ओळख नावावर किंवा पत्त्यावर न बांधता कधीही न बदलणाऱ्या क्रमांकावर बांधावी, कारण लग्नाने, दत्तकाने, बदलीने नाव व पत्ता बदलतात. आणि शेवटचे, नोंद एकदम पुसू नये. आधी ती नुसती बंद करून वाट पाहावी. मायक्रोसॉफ्टची निर्देशिका पुसलेले खाते तीस दिवस राखून ठेवते आणि त्या मुदतीत ते परत आणता येते. ही सवलत माणसाच्या चुकीसाठीच आहे.

ग्रंथपालांना यात नवे काही वाटणार नाही. ‘गोविंदाग्रज’ हे कार्ड फाडण्याऐवजी त्यावर ‘पाहा : गडकरी, राम गणेश’ असे लिहिण्याची रीत त्यांच्याच परंपरेतली. लेखकांना सोळा अंकी कायम क्रमांक देणारे आंतरराष्ट्रीय मानक २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यामागची दृष्टीही हीच.

शताब्दीच्या निमित्ताने ग्रंथालयांच्या तालिका आणि सभासदवह्या संगणकावर चढवल्या जातात. त्यांत आजोबांच्या नावाचे खाते असते आणि पुस्तके नातू नेत असतो. एकाच घरातल्या दोन बहिणी एकाच आद्याक्षराने नोंदलेल्या असतात. दिवंगत आजीव सभासदांची नावे तशीच असतात. ‘निष्क्रिय’ असा शिक्का मारून या ओळी एका फटक्यात खोडता येतील. पण त्याआधी कोणीतरी त्या घरी जाऊन विचारावे, जुने नाव नव्या नोंदीत ‘पूर्वीचे सभासद’ म्हणून ठेवावे आणि मगच जुनी ओळ बंद करावी. कामाला दोन महिने अधिक लागतील. ज्यांच्या वर्गणीवर ही संस्था शंभर वर्षे उभी राहिली, त्यांच्यासाठी तेवढा वेळ काढणे अवघड नाही.