रंगांची जादू आणि धम्माची दृष्टी
(संगमनेर येथील व्याख्यान)



रंगात शक्ती असते ही समजूत फार जुनी आहे. अथर्ववेदाच्या पहिल्या कांडातील २२ वे सूक्त कावीळ घालवण्यासाठी आहे. रोग्याचा पिवळेपणा पोपटांकडे जावा आणि तांबड्या गुरांचा तांबडेपणा रोग्याला यावा, अशी त्यात मागणी आहे. सारख्याने सारखे घडते, हे जादूचे एक मूळ तत्त्व जेम्स फ्रेझर या अभ्यासकाने सांगितले, ते हेच.

आजही गाडीला काळी बाहुली, दाराला लिंबू-मिरची आणि बाळाला तीट दिसते. तिटेने कोणाचे बिघडत नाही; परंतु कावीळ ‘उतरवून’ घेण्याने बिघडते. चुन्याच्या निवळीत रोग्याचे हात धुतात, पाणी पिवळे होते आणि रोग उतरला असे सांगतात. हातांना आंब्याच्या सालीचा रस लावला, की निरोगी माणसाच्या हातांनीही पाणी पिवळे होते! हळदीत चुना पडला की ती लाल होते, तसाच हा रसायनाचा खेळ. दूषित पाण्यामुळे होणारी कावीळ पुष्कळदा विश्रांतीने बरी होते आणि श्रेय मांत्रिकाला मिळते. मात्र गरोदर स्त्रीच्या ती जिवावर बेतू शकते. मांत्रिकाच्या दारी गेलेले दिवस मग परत मिळत नाहीत.

दीघनिकायातील ब्रह्मजाल सुत्तात शकुन, स्वप्नफल, रक्ताचा होम अशा विद्यांवरील उपजीविका भगवान बुद्धांनी त्याज्य ठरवली आहे. रंग मात्र धम्माने टाकले नाहीत. नील, पीत, लोहित आणि अवदात, म्हणजे पांढरा, हे चार रंग ‘कसिण’ म्हणून ध्यानासाठी घेतले. तेथे रंग रोग ओढत नाही. त्याच्यावर चित्त स्थिर करायचे असते. चीवराचा काषाय रंगही ताईत नव्हे, ती त्यागाची खूण आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आपली माणसे शुभ्र वस्त्रांत जमली. पण त्यांना नवे जीवन दिले ते वस्त्रांनी नव्हे, तर धम्मदीक्षेने आणि बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञांनी.

महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. कायदा भोंदूला रोखील. घरातली भीती आपणच घालवायची आहे. विद्यार्थ्यांनी हळद-चुन्याचा प्रयोग घरी आजीला करून दाखवावा, पाणी उकळून प्यावे आणि डोळे पिवळे दिसताच रोग्याला दवाखान्यात न्यावे, एवढे सांगून मी माझे दोन शब्द पुरे करतो.

नमो बुद्धाय! जयभीम!