दीड रुपयाचा बांबू



उत्तर कन्नडमधल्या जोयड्याच्या रानातून काळी नदीच्या काठाने निघालं की दांडेली लागते. 1958 च्या सुमारास तिथल्या कागद गिरणीला सरकारने टनाला दीड रुपया दराने बांबू देऊ केला. टोपल्या विणणारा बुरूड बाजारात त्याच बांबूला कितीतरी पटींनी पैसे मोजत होता. एवढ्या स्वस्तात मिळणारा माल कोण जपून तोडेल?

बांबू संपत चालल्याची बुरुडांनी तक्रार केली, तेव्हा 1970 च्या दशकात पुण्याचे माधव गाडगीळ उत्तर कन्नडची रानं पाहायला आले. बांबूच्या बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांची गच्च जाळी असते. बेट मोकळं वाढावं, तोडणीही सोपी व्हावी, म्हणून ती साफ केली जात होती. जाळी गेली की कोवळे कोंब गुरांच्या तोंडी लागतात, हे गावकऱ्यांनी गाडगीळांना सांगितलं. पाहणीत तेच खरं ठरलं. मला यातली एक गोष्ट फार लागते: बेट राखायचं कसं हे ज्यांना ठाऊक होतं, त्यांना ते राखल्याबद्दल एक पैसाही मिळणार नव्हता.

पाण्याचंही तसंच झालं. 1977 च्या कायद्याने कारखान्यांच्या पाणीवापरावर उपकर बसवला आणि सांडपाणी शुद्ध करणाऱ्यांना सूट दिली. कल्पना उत्तम होती. पण त्याचा दर हजार लिटरला काही पैसे एवढाच होता. शुद्धीकरण यंत्रणा बसवण्यापेक्षा उपकर भरणंच परवडायचं. जीएसटी आला तेव्हा, 2017 मध्ये, तो उपकर रद्दही झाला.

आता मोठी रक्कम पाहा. केंद्रीय करांतला राज्यांचा वाटा ठरवताना चौदाव्या वित्त आयोगाने वनक्षेत्राला साडेसात टक्के भार दिला, पंधराव्याने दहा टक्के. म्हणजे जोयड्यात जंगल उभं आहे म्हणून बेंगळुरूच्या तिजोरीत पैसे जातात. त्यातले किती इथल्या ग्रामपंचायतींकडे यावेत, याचं बंधन मात्र कुणावर नाही. काळी व्याघ्र प्रकल्पातून स्वेच्छेने बाहेर पडणाऱ्या कुटुंबाला पंधरा लाख मिळतात, आणि तिथेच राहून परसात मुडलीचे कंद पिढ्यान्‌पिढ्या टिकवणाऱ्या कुणबी बाईच्या हाती या कामाचं काहीच पडत नाही. निघून जाण्याला पैसे आहेत, राखण्याला नाहीत. हे मला अन्यायाचं वाटतं.

आज पदवी घेणाऱ्या तुमच्यातले काही जण लेखापाल होतील, काही वनखात्यात जातील, काही पंचायतीत निवडून येतील. वनक्षेत्राच्या नावाने राज्याला मिळालेल्या पैशातला ठरावीक हिस्सा जंगल राखणाऱ्या गावांना द्यावा, असा ठराव येत्या ग्रामसभेत मांडा. गावाच्या जैवविविधता नोंदवहीत मुडलीच्या जाती आहेत का, तेही तपासा. नसतील तर आजीला शेजारी बसवून त्या लिहून घ्या, आणि ठरावाला ती यादी जोडा.