घरी धाडलेली पत्रं



मुलांनो, मघाशी तुमच्या शाळेच्या हस्तलिखिताचं प्रकाशन केलं. त्यात एकीनं आजीला लिहिलेलं पत्र आहे. ते वाचलं आणि ठरवून आणलेलं भाषण बाजूला ठेवलं. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या पत्रांविषयी बोलतो.

हे इंग्लंडमधल्या विल्टशरचे. तिथे कॅथलिकांना जगणं अवघड झालं होतं. रोममध्ये ते जेझुइट धर्मसंघात गेले, एप्रिल १५७९ मध्ये लिस्बनहून गलबतावर चढले, ऑक्टोबरात गोव्याला उतरले आणि मग कधीच परतले नाहीत. १६१६ साली त्यांचं ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं, जवळजवळ अकरा हजार मराठी ओव्यांचं. त्यातल्या मराठीची थोरवी सांगणाऱ्या ओव्या बाईंनी तुम्हाला म्हणून दाखवल्या असतील.

पण मला ओढ आहे ती पत्रांची. उतरून तीन आठवडे व्हायच्या आत त्यांनी वडिलांना लिहिलं. प्रवासात माणसांच्या हिरड्या सुजतात, पाय सुजतात. गलबतावर दीडशेहून जास्त आजारी पडले, सत्तावीस दगावले. मुलगा जिवंत पोचलाय, एवढंच खरं तर बापाला कळायला हवं होतं.

दुसरं पत्र १५८३ चं, पॅरिसमधल्या भावाला, लॅटिनमध्ये. त्यात आपला माड आहे! तेल, माडी, गूळ, शिर्का, काथ्याची दोरी, छपरावरची चुडतं, सगळं त्यांनी हौसेनं सांगितलंय. आणि पुढे लिहितात, इथल्या भाषा कानाला गोड लागतात, त्यांची घडण लॅटिन-ग्रीकसारखी आहे. भाषापंडित विल्यम जोन्स यांनी संस्कृतचं लॅटिन-ग्रीकशी असलेलं नातं जगापुढे मांडलं ते १७८६ मध्ये, म्हणजे दोनशे वर्षांनी.

त्या पत्राच्याच वर्षी, १५८३ मध्ये, गोव्यातल्या साष्टीत कुंकळ्ळी गावी पाच जेझुइट मारले गेले. त्याआधी साष्टीतली देवळं पाडली गेली होती. स्टीफन्स धर्मप्रसारासाठीच आले होते, हे तुमच्यापासून लपवणार नाही. ती जखम खरी आहे. पण परक्या गावात चार वर्षं कान देऊन ऐकणारा माणूसही तितकाच खरा, आणि तो मला त्या पत्रात भेटतो. क्रिस्तपुराण तिथूनच सुरू झालं, असं मी मानतो.

त्या पुराणाच्या जुन्या छापील प्रतींपैकी आज एकही सापडत नाही. तरी ते आपल्यापर्यंत आलं, कारण कुणीतरी बसून, ओवीमागून ओवी, हातानं उतरवून घेतली होती.