सह्याद्रीतले पट्टे

श्रोतेहो, शिरोली एमआयडीसीत पहिल्या पाळीला निघालेल्या मंडळींना आज एका वेगळ्या सरकारी कामाची माहिती. इथून वायव्येला, चांदोली आणि कोयनेच्या जंगलात, २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तिथं वन विभागाकडचे जीवशास्त्रज्ञ जंगलवाटेच्या दोन्ही बाजूंना, साधारण गुडघ्याएवढ्या उंचीवर, कॅमेरे बांधतात. दोन कशाला? वाघाच्या डाव्या अंगाचे पट्टे उजव्या अंगाशी जुळत नाहीत, आणि कुठल्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. ओळख पटते ती त्यावरूनच. पण पोटाला मिळालं तरच वाघ थांबणार! म्हणून सांबर, भेकर, गवे यांची मोजदाद करायची, गवताची कुरणं राखायची, वणवे रोखायचे. मोठं चिकाटीचं काम हे. डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या कॅमेऱ्यात एक नर वाघ टिपला गेला.