कातार्‍याचें भांडें
(ज्युबिलीच्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



अशा प्रसंगीं धर्मगुरूनें चर्चच्या इतिहासाविषयीं बोलावें असा संकेत आहे. तो इतिहास माझ्यापूर्वींच्या वक्त्यांनीं सांगितलाच आहे. मी एका लांकडाच्या भांड्याविषयीं बोलणार आहें. चर्चच्या दारांतील मेजावर तें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. त्याच्या कुशीला भोंक आहे, आणि "फादर, हें असलें कशाला ठेवलें?" असें मला अनेकांनीं विचारलेंहि आहे.

आवारांतील जुना फणस पावसांत उन्मळून पडला, तें आपणांस स्मरत असेल. सरळ खोडाच्या फळ्या निघाल्या. त्यांच्या बांकांवर आज आपण बसलां आहां. राहिलें तें बेचकें. दोन फांद्या जेथें फुटतात तेथें लांकडाच्या शिरा एकमेकींत गुंतलेल्या असतात, मधें साल दबून राहते, गांठी तर विचारूं नका. शिवाय त्यांत खिळे होते. सणाला दिव्यांच्या माळा बांधण्यासाठीं आपण व आपल्या वडीलधार्‍यांनींच ते ठोकलेले. झाडानें ते गिळले आणि भोंवतालचें लांकूड काळें पडलें. हें सरपणांत टाकावें असें ठरत होतें. माझेंहि मत तेंच होतें, हें कबूल केलें पाहिजे.

तेव्हां सावंतवाडीच्या चितारआळींत काम शिकलेला एक कातारी मला भेटला. तेथील लाखेनें रंगविलेलीं खेळणीं व फळें आपणांस ठाऊक आहेतच. तीं पूर्वापार पांगार्‍याचीं करीत, कारण पांगारा हलका आणि मऊ. फणसाचें बेचकें म्हणजे त्याच्या अगदीं उलट. तरी त्यानें तें मागून घेतलें. एकेक खिळा उपटला, करवतीनें बेचकें उभें चिरलें आणि मधला गाभा काढून टाकला. भेगा तेथूनच सुटतात. मग त्यानें वेदीवरील मेणबत्त्यांचीं उरलेलीं टोकें मागितलीं. तें मेण वितळवून त्यानें लांकडाच्या कापलेल्या तोंडांना फांसलें, म्हणजे तेथून ओल एकदम उडून जाऊं नये.

कुंभाराचा दृष्टान्त आपण प्रवचनांत पुष्कळदां ऐकतां. यिर्मयाच्या अठराव्या अध्यायांतील कुंभार बिघडलेल्या भांड्याच्याच मातीचें दुसरें भांडें घडवितो. तो दिलासा मोठा आहे खरा. पण कातार्‍याला ती सोय नाहीं. उडालेली ढलपी पुन्हां चिकटत नाहीं. त्याला पहिल्यापासून लांकडाचेंच ऐकावें लागतें.

ओलें लांकूड सुकतांना आकसतें, पण सर्व बाजूंनीं सारखें नाहीं. वलयांच्या कडेकडेनें जितकें आकसतें, त्याच्या सुमारें निम्मेंच तें गाभ्याच्या दिशेनें आकसतें. भरीव ठोकळा बाहेरून वाळतो, आंत ओला राहतो, आणि त्या ओढाताणींत तडकतो. तोच पोकळ केला तर त्याला हालचालीस वाव मिळतो. तो वांकडा होतो, लंबगोल होतो, पण बहुधा फुटत नाहीं. ख्रिस्तानें स्वतःला रितें केलें असें संत पौल फिलिप्पैकरांस लिहितो, तें वचन सेमिनरींत मीं मूळ ग्रीक शब्दासह पाठ केलें होतें. रितें होणें म्हणजे केवळ गमावणें, असाच माझा समज होता. रितेपणानें वस्तु टिकते, हें मला एका कातार्‍याच्या अंगणांत कळलें.

दोन अर्ध्यांचीं त्यानें दोन भांडीं कातलीं. व्यास नऊ इंच, भिंत जवळजवळ एक इंच जाड. "हीं सहा महिने भुशांत, पोत्यांत राहूं द्या," असें त्यानें बजावलें. सण पंधरा दिवसांवर आला होता. मीं एक भांडें मागून आणलें आणि ओसरीवर उन्हांत ठेवलें. तिसर्‍या रात्रीं काडकन् आवाज झाला. सकाळीं पाहतों तों कांठापासून बुडापर्यंत भेग.

त्याच सुमारास दारू सोडूं पाहणारा एक तरुण माझ्याकडे येत असे. तीन आठवडे तो शुद्धीवर राहिला, आणि मीं त्याला सणाच्या मिस्सेंत सर्वांसमोर वाचनास उभें केलें. त्याचा पालट लोकांनीं पाहावा, असें मी स्वतःला सांगत होतों. खरें म्हणजे माझें काम लोकांनीं पाहावें असें मला वाटत होतें. पुढच्याच आठवड्यांत तो पुन्हां गुत्त्यावर गेला, आणि नंतर चर्चची पायरी चढला नाहीं. ही गोष्ट येथें सांगावी काय, असें विचारण्यास गेल्या महिन्यांत मी त्याच्या घरीं गेलों. तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग "सांगा" म्हणाला.

दुसरें भांडें सहा महिने पोत्यांतच राहिलें. बाहेर निघालें तेव्हां तें लंबगोल झालें होतें. कातार्‍यानें तें पुन्हां चरकावर चढविलें (चरकाला आतां सारे लेथ म्हणतात). पूर्वीं एक माणूस दोरी पुढेंमागें ओढी आणि हत्यार एकाच फेर्‍याला कापी. आतां मोटार आहे. तरी त्यानें वेग मंदच ठेवला, कारण वेडेंवांकडें लांकूड वेगांत उसळून अंगावर येतें. तोंड अरुंद असल्यामुळें आंतील हत्याराची धार त्याला दिसत नव्हती. मी कांहीं विचारूं लागलों तर त्यानें हातानें गप्प केलें. भिंत पातळ होत जाते तसा आवाज बदलतो, आणि तो त्या आवाजावर कातीत होता. दबलेल्या सालीशीं आल्यावर सालीचा तुकडा गळून पडला व भोंक राहिलें. लाख आणि भुसा भरून तें बुजवितां आलें असतें. मीं तसें सुचविलेंहि. तो म्हणाला, "तें झाडाचें आहे."

मिस्साबलींतील द्राक्षारसाच्या पात्राला द्रव शोषणारा पदार्थ चालत नाहीं. म्हणून वेदीवर या भांड्याला स्थान नाहीं. आपण त्यांत प्रार्थनेच्या चिठ्ठ्या टाकतां. फुटलेलें भांडें माझ्या मेजावर आहे. त्यांत मी लेखण्या ठेवतों.

चर्चची व्यवस्था पाहणार्‍यांस एक विनंती. त्याचें झांकण उन्हाळ्यांत बरोबर बसतें, पण पावसाळ्यांत लांकूड फुगतें आणि तें बसत नाहीं. तेव्हां झांकण बाजूला काढून ठेवावें. ठोकून बसवूं नये.